पाचोरा-जळगाव अपडाऊन आणि अर्ध्यात सुटणारी ऑडिओबुकं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज पाचोऱ्याहून जळगावला सकाळी गाडीनं पाऊण-एक तास, आणि संध्याकाळची गाडी हुकली की एसटीनं सव्वा-दीड तास. ऑडिओबुकचं सदस्यत्व घेतलंत, गाजलेली म्हणून तीन पुस्तकं लावलीत: एक खुनाची रहस्यकथा, एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणि एक स्वविकासाचं. तिन्ही अर्ध्यात सुटली. लक्ष भरकटतं, मागे जाऊन पुन्हा ऐकायचा कंटाळा येतो, संध्याकाळी तर डोळाच लागतो. म्हणून तुम्ही विचारताय की प्रवासात कुठला प्रकार ऐकावा, इअरफोन बदलावा का, आणि दीडपट वेगानं ऐकणारे खरंच काही ऐकतात का.

ध्वनिमुद्रित पुस्तकांचं संपादन हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे पुस्तक कुठे कानातून निसटतं आणि का निसटतं, याचा विचार सतत करावा लागतो. त्यावरून सांगतो.

तुमच्या ऐकण्यात खोट नाही आणि ती तीन पुस्तकंही वाईट नसणार. घोळ असा झाला की पुस्तक निवडताना ‘गाजलेलं’ ही एकच कसोटी लावली गेली. पुस्तक गाजतं तेव्हा ते बहुतेकांनी घरात, स्वयंपाक करताना, रात्री दिवा मालवून ऐकलेलं असतं. अपडाऊन करणाऱ्याला तशी सलगता मिळत नाही. तुमचा सकाळचा तास सोडवून बघा. घर ते स्टेशन, मग फलाटावर दहा-पंधरा मिनिटं. गाडीत चढल्यावर जागा मिळेपर्यंत आणि पासवाल्या मंडळींशी रामराम होईपर्यंत दहा मिनिटं गेली. परधाडे, माहेजी, म्हसावद अशी स्टेशनं जातात आणि शिरसोली आलं की लोक उठून दाराशी जायला लागतात. म्हणजे तासातून सलग, शांतपणे ऐकायला हाती पडतात पंचवीस ते तीस मिनिटं. संध्याकाळी एसटीत वेळ भरपूर, पण डोकं दमलेलं आणि आवाज दुप्पट. सकाळी ऐकणाऱ्या तुम्ही आणि संध्याकाळी ऐकणाऱ्या तुम्ही, या दोन वेगळ्या श्रोत्या आहेत. दोघींना एकच पुस्तक दिलं की ते सुटतंच.

काही गोष्टी अर्थातच ज्याच्या त्याच्यावर आहेत. तुम्हाला बसायला जागा मिळते की उभ्यानं जावं लागतं, डब्यात तुमचा ग्रुप आहे का, आधी रेडिओवर नभोनाट्यं, श्रुतिका ऐकायची सवय होती का, ऐकू येण्याची काही तक्रार आहे का, यानुसार उत्तर बदलेल. ग्रुप असेल तर सकाळी ऐकायचा हट्ट सोडा, माणसं सोडून कानात बोळे घालून बसण्यात काही अर्थ नाही. खाली लिहिलंय ते बसायला जागा मिळणाऱ्या, एकट्यानं प्रवास करणाऱ्या माणसाला धरून.

आधी हिशोब करून टाकू, कारण तुमची ऐतिहासिक कादंबरी तिथेच अडकली असावी. दोन्ही वेळचा मिळून खरोखर उपयोगी वेळ रोज 50 मिनिटं धरा, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे आठवड्याला चार तास दहा मिनिटं. आठ तासांचं पुस्तक दोन आठवड्यांत संपतं. तीस तासांची कादंबरी मात्र 36 दिवस खाते, म्हणजे सात आठवड्यांहून जास्त. मध्ये एक लग्नसराई किंवा दिवाळीची सुट्टी आली की धागा तुटलाच. ऑडिओबुकच्या पानावर एकूण कालावधी लिहिलेला असतो, तो बघितल्याशिवाय पुस्तक सुरू करू नका. पहिली तीन-चार पुस्तकं सहा ते आठ तासांच्या आतलीच घ्या. एखादं पुस्तक संपवल्याशिवाय कानाला सवय लागत नाही, आणि सवय लागल्याशिवाय तीस तास पेलत नाहीत.

आता आवाज. प्रवासात पुस्तक सुटण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण आहे. एसटीचं डिझेल इंजिन घुमतं ते खालच्या पट्टीत. खिडकीतून येणारा वारा, सैल काचांचा खडखडाट आणि बाजूच्या माणसाचं फोनवरचं बोलणं हे मधल्या आणि वरच्या पट्टीत. मराठी शब्द ओळखायला आपल्याला स, श, त, च, फ, ख ही व्यंजनं लागतात आणि त्यांचा बराचसा आवाज वरच्या पट्टीत असतो, तोही क्षीण. स्वर मोठे, ते ऐकू येतात. व्यंजनं वाऱ्यात जातात. मग मेंदू प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द अंदाजानं भरतो. वीस मिनिटं हे केलं की थकवा येतो आणि आपल्याला वाटतं पुस्तक कंटाळवाणं आहे.

याच्यावर उपाय आवाज वाढवणं हा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की मोठ्या माणसानं 80 डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. एसटीत बसून आपण किती वर नेलाय ते तिथे कळत नाही. एक साधी चाचणी आहे: बसमध्ये जो आवाज ठेवला होता त्याला हात न लावता घरी आल्यावर शांत खोलीत तेच पुस्तक लावा. कानावर आदळत असेल, तर तुम्ही रोज जास्त ऐकताय.

खरा उपाय बाहेरचा आवाज अडवण्याचा. कानात घुसणाऱ्या, रबरी टोप्या असलेल्या इअरफोनसोबत साधारण तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक लोक कारखान्यातून लागून आलेली मधलीच आयुष्यभर वापरतात. तिन्ही लावून बघा, दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं तरी चालतं. टोपी नीट बसली की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, ही खूण. जबडा हलवल्यावर ती सुटत असेल तर माप चुकलं. नॉइज कॅन्सलिंगवाले महागडे इअरबड घ्यावेत का, असं पुढे विचाराल. ते तंत्र इंजिनाच्या सततच्या घुमण्यावर छान चालतं. बाजूच्या काकूंच्या गप्पा आणि काचांचा खडखडाट त्यानं फारसा थांबत नाही, तो टोपीच अडवते. त्यामुळे एसटीवाल्याला फायदा आहे, गाडीनं जाणाऱ्याला जरा कमी. आधी टोपीचं माप नीट करा, मग पैसे घालायचे की नाही ते ठरवा.

जागा निवडता येत असेल तर एसटीत मधल्या रांगा धरा. पुढे इंजिन, मागे चाकावर आदळआपट. आणि खिडकीची काच चार बोटं लावून घ्या. उघड्या खिडकीचा वारा हा अख्ख्या बसमधला सगळ्यात वाईट शत्रू आहे. उन्हाळ्यात हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, याची कल्पना आहे. एप्रिल-मेमध्ये खिडकी उघडीच राहणार, तेव्हा त्या दोन महिन्यांत संध्याकाळी अवघड पुस्तक घेऊच नका.

आता संपादनाच्या टेबलावरची एक गोष्ट, जी ऐकणाऱ्याला कुणी सांगत नाही. एकाच निवेदकानं वाचलेलं पुस्तक आम्ही सपाट करतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑडिओबुक मंचाचं मोजमाप या धंद्यात पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानलं जातं: ध्वनिमुद्रणात मावणारा सगळ्यात मोठा आवाज शून्य धरला, तर आवाजाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या मध्ये, सगळ्यात मोठा क्षण उणे 3 च्या वर नाही आणि शांततेतली खरखर उणे 60 च्या खाली. म्हणजे निवेदक कुजबुजला काय किंवा ओरडला काय, तुमच्या कानाला फार फरक पडू नये. पार्श्वसंगीत, पावलं, तलवारींचा खणखणाट, पंधरा कलाकार असलेल्या नाट्यरूपांतरात मात्र मुद्दाम फरक ठेवलेला असतो, कारण परिणाम त्यातूनच येतो. घरी ते भारी वाटतं. एसटीत कुजबुज ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि पुढच्या क्षणी तोफ उडते. म्हणून प्रवासासाठी एकल निवेदन घ्या. नाट्यरूपांतर रविवारी, भाजी निवडताना.

एका कानात ऐकायची सवय असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नाहीतर ज्या पुस्तकात दोन पात्रं डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेली असतात तिथे एक पात्र गायबच होतं आणि दुसरं स्वतःशी भांडत बसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्रकार कुठला.

रहस्यकथा प्रवासाला चांगली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रहस्याची ओढ तुम्हाला दुसऱ्या दिवशी परत आणते हे खरं, पण रहस्यकथेत एक वाक्य चुकलं तर सगळं चुकतं. ‘तो डावखुरा होता’ एवढंच वाक्य टीसी आला त्या क्षणी गेलं, की पाच तासांनंतरचा उलगडा तुम्हाला ओढूनताणून आणलेला वाटतो. म्हणून लांब रहस्यकादंबरीऐवजी रहस्याच्या लघुकथा घ्या. शेरलॉक होम्सच्या 56 लघुकथा आहेत आणि कादंबऱ्या फक्त चार. कथा घेतल्या तर एक कथा जाता-येता, फार तर दोन दिवसांत, संपते. एखादी चुकली तरी दंड त्या एका कथेपुरता. तुमची अर्धी राहिलेली खुनाची कादंबरी पुन्हा सुरू करायची असेल, तर पहिला तास घरी ऐका. पात्रांची नावं, कोण कुणाचं कोण, घराचा नकाशा, हे सगळं पहिल्या तासात येतं आणि नेमका तोच तास तुम्ही जागा मिळवण्यात घालवलेला असतो.

ऐतिहासिक कादंबरीची अडचण वेगळी. तिथे एकाच माणसाला नावानं, किताबानं, नात्यानं आणि आडनावानं हाक मारतात. छापील पुस्तकात आपण दोन पानं मागे जाऊन बघतो, डोळ्याला जागा आठवते. कानाला जागा नसते. यावर युक्ती एकच आणि ती काम करते: फोनच्या नोंदवहीत आठ-दहा नावं लिहून ठेवायची. मुख्य माणूस, त्याला दरबारात काय म्हणतात, घरात काय म्हणतात, शत्रू काय म्हणतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ही यादी तयार होते आणि पुढे बघायचीही गरज पडत नाही. हा प्रकार फक्त सकाळी, एक पट वेगानं ऐका.

यातच एक पोटप्रकार आहे, वेगवेगळी पात्रं स्वतः बोलतात तो. ‘मृत्युंजय’ हे 1967चं पुस्तक याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आळीपाळीनं ‘मी’ म्हणून सांगतात. छापील पुस्तकात खंडाच्या सुरुवातीला नाव दिसतं. कानाला ते एकदाच, दोन सेकंदांत ऐकू येतं. ते चुकलं की पुढची पंधरा मिनिटं ‘हा मी कोण’ यातच जातात. अशा पुस्तकात अ‍ॅप उघडल्यावर प्ले दाबण्याआधी प्रकरणाचं नाव वाचायची सवय लावा. पाच सेकंदांचं काम आहे.

संध्याकाळच्या एसटीसाठी माझा कौल आत्मचरित्र, व्यक्तिचित्रं आणि ललित लेखनाला. इथे प्रसंग सुटे असतात. मधली दहा मिनिटं डुलकीत गेली तरी पुढच्या प्रसंगात शिरता येतं, कारण माणूस तोच असतो आणि त्याचा सूरही तोच. लेखकानं स्वतः वाचलेलं आत्मचरित्र मिळालं तर उच्चार थोडे अडखळते असले तरी घ्या. आवाजात जे येतं ते कसलेल्या निवेदकालाही आणता येत नाही. आपल्याकडचं सगळ्यात सोयीचं उदाहरण ‘श्यामची आई’. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची रचनाच रात्री सांगायच्या गोष्टींची आहे: 42 रात्री, प्रत्येक रात्रीची गोष्ट वेगळी. एक रात्र म्हणजे एक फेरी, असं जवळजवळ जमून जातं. साने गुरुजी 1950 साली गेले, आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे हे पुस्तक आता कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं. याचा अर्थ आवाजाची निवड तुमच्या हातात आहे. नमुने ऐकून आवाज निवडा. रडवेलं वाचन टाळा, ते पुस्तक साध्या आवाजातच जास्त लागतं. एक मात्र, भरल्या बसमध्ये डोळे पुसायची तयारी ठेवा.

विनोदी पुस्तकांचं काय? ऐका, पण वेगाला हात लावू नका. विनोद शब्दात जितका असतो तितकाच शब्दानंतरच्या थांबण्यात असतो. बरीच अ‍ॅप वेग वाढवताना ते थांबणंही आखडतात. दीडपटीला विनोद म्हणजे मिसरूड न फुटलेल्या पोरानं घाईघाईत सांगितलेला चुटका होतो.

स्वविकासाचं पुस्तक सुटलं त्याची खंत नको. या प्रकारातली बरीच पुस्तकं एकच कल्पना दहा प्रकरणांत फिरवून सांगतात. पहिली दोन आणि शेवटचं प्रकरण ऐकलं तरी गाभा हाती येतो. इथेच वेग कामाला येतो, सव्वापट ते दीडपट बिनधास्त ठेवा. मात्र या पुस्तकात करायच्या गोष्टी असतात आणि त्या कानानं टिकत नाहीत. काही पटलं की लगेच खूण करून ठेवा. बुकमार्कचं बटण बहुतेक अ‍ॅपमध्ये असतं, आणि जळगावला उतरण्याआधी त्यातलं एकच कागदावर उतरवा. अर्थकारण, आरोग्य, शेती अशा माहितीच्या पुस्तकांनाही हेच. आकडे भरपूर असलेलं पुस्तक मात्र ऐकूच नका, ते छापील घ्या.

भयकथा एसटीत वाया जातात. त्यांचं सगळं बळ शांततेत आणि हळू आवाजात असतं.

कविता मात्र आवर्जून ऐका, आणि आपल्या बहिणाबाईंपासून सुरुवात करा. आसोद्याची ही बाई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर, शेतात तोंडानं आलेलं इतरांनी लिहून घेतलं. म्हणजे ते मुळातच कानासाठी आहे. पण वाचणारा कोण आहे ते तपासा. ‘माह्या’, ‘तुह्या’, ‘जीवाले’ हे ज्याच्या जिभेवर सहज येत नाही त्यानं वाचलेलं आपल्याकडच्या कानाला टोचतं. शब्द बरोबर असतात पण हेल पुण्याचा. नमुन्याच्या पहिल्या दोन ओळींतच कळतं. कविता एका वेळी तीन-चारच, फलाटावर बसल्याबसल्या दहा मिनिटांत, आणि वेग नेहमीचाच.

नमुन्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. लोक नमुना घरी शांततेत ऐकतात, आवडतो, आणि मग बसमध्ये काही कळत नाही. नमुना प्रवासातच ऐका. तीन गोष्टी बघा: वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का (बरेच निवेदक वाक्याच्या शेवटी आवाज सोडतात आणि मराठीत क्रियापद नेमकं तिथेच असतं, म्हणजे ‘गेला’ की ‘गेला नाही’ हेच कळत नाही), संवादात कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखता येतं का, आणि श्वासाचा किंवा तोंडाचा चपचप आवाज येतो का. तिसरी गोष्ट पहिल्या मिनिटात किरकोळ वाटते, आठ तासांत असह्य होते.

वेगाबद्दल तुमचा थेट प्रश्न होता, तर थेट उत्तर: हो, दीडपटीनं ऐकणारे ऐकतात, पण ते सहसा ओळखीचा विषय आणि शांत जागा असताना. गोंगाटात वेग वाढवला की व्यंजनं आणखी आखूड होतात आणि वर सांगितलेली अंदाजाची मेहनत वाढते. दहा तासांचं पुस्तक सव्वापटीनं आठ तासांत संपतं, दीडपटीनं सहा तास चाळीस मिनिटांत. म्हणजे सव्वापट ते दीडपट या उडीत वाचतात एक तास वीस मिनिटं. ती मागे जाऊन ऐकण्यात सहज खर्च होतात. नवं पुस्तक एकपटीनं सुरू करा, निवेदकाची लय कानात बसली की 1.1, मग 1.2. एसटीत चढलात की पुन्हा खाली या. संथ वाचणारा निवेदक असेल तर 1.25 हा त्याचा खरा वेग समजायला हरकत नाही.

आता अ‍ॅपमधली थोडी जुळवाजुळव, एकदाच करायची.

पुस्तक नेहमी घरच्या वायफायवर उतरवून घ्या. चालू गाडीत नेटवर ऐकू नका. दोन स्टेशनांच्या मध्ये रेंज जाते, पुस्तक अडकतं आणि तुम्ही फोनशी झटापट करता. 64 केबीपीएस दर्जाला तासाला सुमारे 29 एमबी लागतात, म्हणजे आठ तासांचं पुस्तक 230 एमबीच्या आसपास. आवाज फक्त माणसाचा असल्यानं हा दर्जा पुरतो, ‘हाय क्वालिटी’ निवडून जागा भरू नका. सदस्यत्वाची काही अ‍ॅप उतरवलेलं पुस्तकही अधूनमधून नेटवर तपासून घेतात, तेव्हा बरेच दिवस नेट बंद ठेवलं तर ऐन गाडीत ते उघडत नाही.

मागे जायच्या बटणाचं अंतर 10 किंवा 15 सेकंदांवर ठेवा. ते 30 असेल तर माणूस मागे जायचा आळस करतो, कारण ऐकलेलं पुन्हा ऐकावं लागतं. तुमची ‘मागे जायचा कंटाळा’ ही तक्रार बरीचशी इथेच मिटेल. आणि बटण फोनवर न शोधता इअरफोनवर दोन किंवा तीन टिचक्यांना बसवून घ्या, तशी सोय असेल तर.

पुस्तक मध्येच आपोआप बंद पडतं किंवा जागा विसरतं, ही तक्रार अँड्रॉइड फोनवर फार येते. दोष पुस्तकाचा नसतो. फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. फोन आणि टॅब अशा दोन ठिकाणी ऐकत असाल तर दोन्ही नेटला जोडल्याशिवाय जागा जुळत नाही. त्यापेक्षा एकच यंत्र ठेवलेलं बरं.

संध्याकाळी डोळा लागतो त्यावर झोपेचा टायमर लावा, पंधरा मिनिटांचा किंवा प्रकरण संपेपर्यंतचा. जागे असाल तर पुन्हा दाबाल. झोपलात तर पुस्तक फार पुढे पळालेलं नसेल. पाचोऱ्याच्या आधीचा गजर फोनवर वेगळा लावा, आणि तो इअरफोनमध्ये वाजतो की बाहेर, हे एकदा घरी तपासा. बऱ्याच फोनवर दोन्हीकडे वाजतो, काहींवर नाही.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्या सल्ल्यात ते नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. लिथियम बॅटरीला 45 अंशांच्या वर चार्ज करणं मानवत नाही आणि उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. इअरबडची डबी दुचाकीच्या डिकीत किंवा चारचाकीच्या डॅशबोर्डवर सोडू नका, पर्समध्ये डब्याच्या बाजूला नको, पाण्याच्या बाटलीच्या बाजूला ठेवा. घामानं टोप्या चिकट होतात आणि जाळीत मळ बसतो; एका कानातला आवाज हळूहळू कमी होत गेला तर नव्यान्नव वेळा तो मळ असतो. टोपी काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. जाळी कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून. टाचणी घालू नका. दोन-तीनशे रुपयांचा वायरवाला इअरफोन पर्समध्ये पडलेला असू द्या. त्याला चार्जिंग लागत नाही आणि गर्दीत एक बड कानातून रुळावर पडायची भीती नाही. फोनला गोल भोक आहे की टाइप-सी, एवढं बघून घ्या.

आणि कुठे ऐकायचं नाही. फलाटावर चालताना, पुलावरून उतरताना, गाडीत चढता-उतरताना दोन्ही कान मोकळे. रूळ ओलांडायचे तर नाहीतच, पण स्टेशनच्या आवारात कुठेही कान बंद ठेवून चालू नका; मागून येणारी एक्सप्रेस शेवटच्या क्षणापर्यंत फार आवाज करत नाही. स्टेशनवर दुचाकीनं जात असाल तर दुचाकीवर कानात काहीही नको, हेल्मेटमधले स्पीकरही नकोत. चारचाकीवाले वाचणार असतील तर त्यांच्यासाठी: गाडीच्या स्पीकरवर ऐका, पुस्तक सुरू करूनच निघा, आणि धुळ्याकडून लळिंग घाट किंवा चाळीसगावकडून कन्नड घाट लागला की बंद करा. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे, तो पुस्तक बदलण्यासाठी धरला तरी.

तुमच्यासाठी सोमवारपासून असं करा. सकाळी गाडीत रहस्याच्या लघुकथा, एकपटीनं. संध्याकाळी एसटी असेल तर ‘श्यामची आई’ किंवा एखादं आत्मचरित्र, टायमर लावून. गाडी मिळाली तर सकाळचीच कथा पुढे. ऐतिहासिक कादंबरी दोन पुस्तकं पूर्ण झाल्यावर काढा, पहिला तास रविवारी घरी ऐकून आणि नावांची यादी करून. एका वेळी दोनच पुस्तकं उघडी ठेवा.

सदस्यत्वाचं म्हणाल तर सध्या महिन्याच्या हिशोबानंच चालू ठेवा, वर्षाचं घेऊ नका. तुमच्या वेळेत महिन्याला दोन पुस्तकं होतात. त्या महिन्याच्या पैशांत ती दोन पुस्तकं सुटी विकत घेणं स्वस्त पडतं का, ते ताडून बघा. अमर्याद ऐका म्हणणारी योजना रोज तीन-चार तास ऐकणाऱ्याला परवडते. यूट्यूबवर अख्खी पुस्तकं फुकट टाकलेली दिसतात, त्यातली बरीच लेखक-प्रकाशकांच्या परवानगीशिवाय असतात आणि दर काही मिनिटांनी मध्येच जाहिरात घुसते, ती नेहमी पुस्तकापेक्षा मोठ्या आवाजात. प्रवासात तेवढ्यानंच धागा तुटतो. महिन्याभरानं काय टिकलं आणि काय सुटलं ते इथेच लिहा. इअरफोनचं मॉडेल आणि अ‍ॅपचं नाव दिलंत तर टिचक्यांची आणि मागे जाण्याची जुळणी नेमकी सांगता येईल.